इरलुंग्यांचे खरे नाव, आणि ते कोणाला मिळणार नाही

मी, इंदू रेणुकादास हंडरगुळीकर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आणि दडपण आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. शिवमूर्ती यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला तिथी, वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी वजाबाकी करून दिली, आणि त्यांच्या दवाखान्यातल्या नकाशात महाराष्ट्राला लागून अजून अखंड आंध्रच आहे, तेलंगण नाही, हेही त्यांना दाखवून दिले. दाखल्यात त्यांनी ‘अत्यंत शाबूत’ असे लिहिले आहे. त्यातला ‘अत्यंत’ त्यांचा आहे, मी सांगितलेला नाही.

हे मी रागात लिहीत आहे, तेही नमूद करते. राग हा काही बुद्धीचा दोष नव्हे. माझी वकील ॲड. विशाखा बिरादार ही माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, बाई, मृत्युपत्रात कारणे लिहायची नसतात. मी तिला म्हटले की मला कारणेच लिहायची आहेत, मालमत्ता आपली त्यांच्या मागे येईल.

१. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे काही माझा भाचा सर्वेश याला दिले होते. ते जुने मृत्युपत्र मी या वर्षी माघ महिन्यात बंबात घातले. त्या दिवशी पाणी चांगले तापले होते.

२. सर्वेश कोण, ते वकिलांना ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला ठाऊक असावे. तो माझा धाकटा भाऊ कै. व्यंकटेश याचा एकुलता एक मुलगा. व्यंकट नांदेडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता आणि मूत्रपिंडाच्या आजाराने १९९३ साली गेला. राजकन्यावहिनी नांदेडलाच परिचारिका होत्या. त्यांच्या पाळ्यांमध्ये पोराचे हाल होऊ नयेत म्हणून सात वर्षांच्या सर्वेशला मी उदगीरला आणले. बारावी होईपर्यंत तो माझ्याकडे होता. वहिनीही पाच वर्षांपूर्वी गेल्या. सर्वेश आता पुण्याला असतो, आणि त्याला सगळा महाराष्ट्र ओळखतो असे तो स्वतः सांगतो.

ते खोटे नाही. त्याच्या ‘इर्लून’ नावाच्या कादंबरीचे सात भाग निघाले आहेत. त्यावर मालिकाही निघाली. इर्लून म्हणजे उंच, गोरे, लांब केसांचे, कधी म्हातारे न होणारे लोक. ते बर्फात राहतात, पांढऱ्या घोड्यांवर बसतात आणि त्यांची स्वतंत्र भाषा आहे. कॉलेजातली मुले ती भाषा शिकतात. उदगीरच्या बस स्थानकासमोर एका पोराच्या अंगातल्या बनियनवर मी ती छापलेली पाहिली. त्या ओळीत एक चूक होती. मी भर रस्त्यात थांबून त्याला ती दाखवली.

३. मी शपथेवर जाहीर करते की ही भाषा, हे लोक आणि त्यांचा देश सर्वेशने निर्माण केलेला नाही. तो माझ्या भावाने निर्माण केला. त्यातला फक्त एक शब्द माझा आहे, आणि या मृत्युपत्रात खरी वाटणी त्याच एका शब्दाची आहे.

घडले ते असे. १९६१ साली आम्ही मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. आमच्या चुलतभावाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसे. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचे आणि मग बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण बाळाची सख्खी आत्या पूर्णेहून यायची होती आणि गाडी लेट. मुहूर्त टळायला आला. तेव्हा कोणीतरी म्हणाले, ही इंदी आहे की, चुलत का होईना, आत्याच आहे. मी नऊ वर्षांची होते. मला पाटावर उभे केले. मी वाकले, कुर्र केले, अण्णाराव हे ठरलेले नाव सांगितले. आणि एवढ्या मोठ्या मानाला एक नाव फार थोडे वाटले म्हणून मनाचा आणखी एक शब्द त्याच्या कानात सोडला. तो कुठून आला ते मला तेव्हाही कळले नाही.

व्यंकट सात वर्षांचा, पाळण्याच्या दोरीजवळ. त्याने माझे ओठ दोनदा हललेले पाहिले. बायकांच्या बुक्क्या खाऊन मी अंगणात आले तर हा मागे. म्हणाला, “तू दोन शब्द बोललीस. दुसरा कुणाचा?”

मी म्हटले, “त्यांचा.”

“ते कोण?”

मला काय ठाऊक ते कोण. पण मोठी बहीण होते, माघार कशी घेणार. मी रुळांकडे बोट केले. म्हटले, जिथे आदिलाबादची लाइन फुटते तिथे खाली राहतात. त्यांचे खरे नाव फक्त आत्या सांगते आणि फक्त पाळण्यातल्या बाळालाच सांगते. बाकी कुणाला सांगितले तर ते लोक निघून जातात.

४. त्यानंतरचे सगळे व्यंकटचे. खरे नाव मिळत नाही म्हटल्यावर त्याने त्यांना स्वतःचे नाव ठेवले, इरलुंगे. इंग्रजीत अशांना एल्फ म्हणतात हे मला फार उशिरा कळले. आपल्याकडे जुळणारा शब्द नव्हताच. यक्ष म्हणावे तर ते धन राखत बसतात, गंधर्व म्हणावे तर गात सुटतात, परीला तर पंख लावावे लागतात. इरलुंगे यांतले काही करत नाहीत. ते गुडघ्याएवढे, काळेसावळे, उन्हात तापलेल्या रुळावर अनवाणी चालणारे. गाडी दोन स्टेशने मागे असते तेव्हा त्यांना ऐकू येते. ते म्हातारे होत नाहीत कारण त्यांना कुणी वय विचारत नाही. आणि त्यांचा एकच कायदा आहे: कोणाची वस्तू घेतली तर तिच्या जागी आपली एक ठेवून जायचे.

हा कायदा सर्वेशने सात भागांत कुठेही घेतला नाही. का, ते त्याचे त्याला माहीत.

शब्दामागून शब्द करत व्यंकट सबंध भाषा बांधत गेला. तो मला म्हणायचा, तुझा शब्द मी विचारणार नाही, पण बाकी सगळे शब्द असे करीन की एक दिवस मधली जागा आपोआप दिसेल. शाळा सुटली, नोकरी लागली, लग्न झाले, तरी नांदेडहून यायचा तो पिशवी खाली ठेवायच्या आत इरलुंग्यांच्या भाषेत चहा मागायचा. वहिनी म्हणायच्या, तुम्ही दोघं बहीण-भाऊ काय बोलून राहिले ते देवालाच माहीत. सर्वेशला मी झोपवताना व्यंकटच्याच गोष्टी सांगितल्या, व्यंकटच्याच भाषेत. बापाचा आवाज त्याला पुरेसा ऐकायला मिळाला नाही, निदान बापाचे शब्द तरी कानावर पडावेत, एवढाच माझा हेतू होता.

५. शेवटच्या दुखण्यात व्यंकट नांदेडला दवाखान्यात होता. मी उशाशी बसले होते. तो म्हणाला, “इंदे, मी आता पाळण्यातल्यासारखाच झालो गं. हलवाल तसा हलतो. मला चालेल का?”

नियम मीच केला होता, मीच मोडला. वाकून कुर्र केले आणि त्याच्या कानात सांगितला. त्याने डोळे मिटून तो आपल्या शब्दांमध्ये लावून पाहिला. मग म्हणाला, “बसतो गं. सगळ्यात बसतो.” आणि बुक्की घालायची म्हणून त्याने हात उचलला. तो माझ्या पाठीपर्यंत पोचला नाही. मी वाकले, तरी नाही पोचला.

ही बुक्की माझ्यावर अजून उधार आहे.

६. आता सर्वेशचे अपराध. सगळे लिहिले तर स्टॅम्पपेपर पुरणार नाही, म्हणून मोजकेच लिहिते.

व्यंकटच्या इरलुंग्याचे शेपूट कापून त्याने त्याला इर्लून केले, म्हणजे तो युरोपातला वाटावा. मुदखेडच्या उन्हातल्या लोकांना नेऊन बर्फात बसवले. काळ्याचे गोरे केले, गुडघ्याएवढ्यांना सहा फुटांचे केले. एवढे मी गिळले असते. पोरगा पुण्यात आहे, तिथे असेच लागत असेल म्हटले असते.

पहिल्या भागाच्या आरंभी त्याने मला अर्पणपत्रिका दिली आहे: ‘पोळ्या करून वाढवणाऱ्या गावाकडच्या आत्याला’. माझ्या पोळ्या कधीच चांगल्या झाल्या नाहीत, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे. तेही गिळले.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या सभागृहात त्याची मुलाखत झाली. ती मी इथे फोनवर पाहिली. भाषा कशी सुचली असे विचारल्यावर तो म्हणाला की सिमल्याला एका पहाटे धुक्यात ती त्याला ऐकू आली. पुढे विचारले, घरात वातावरण होते का? त्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे असे: “घरात पुस्तक नव्हतं. वडील पार्सल ऑफिसात होते. वजनकाटा हेच त्यांचं जग. कल्पना वगैरे त्यांच्या गावीही नव्हती.” लोक हळहळले आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी फोन पालथा ठेवला. चोरी मी माफ केली असती, घरातलीच होती. पण ज्याचे चोरले त्यालाच कंगाल ठरवले, आणि तेही तो मेल्यावर. याला माझ्याकडे माफी नाही, आणि मेल्यावरही राहणार नाही.

७. गेल्या वर्षीच्या दिवाळीत सर्वेश आला. दोन वर्षांनी आला. मिठाईचा डबा माझ्या डोक्याएवढा. मी तेव्हाच ओळखले की काम मोठे आहे. आठवा आणि शेवटचा भाग त्याने जाहीर करून टाकला होता. त्यात इर्लूनांचे खरे नाव उघड होणार असे वेष्टनावर छापूनही झाले होते. आणि ते नाव त्याच्याकडे नव्हते.

मी म्हटले, सात भागांचे शब्द तुझेच आहेत ना, आणखी एक कर. तो म्हणाला, करून पाहिले. शंभर केले, एकही बसत नाही. व्यंकटने सगळी भाषा त्या एका रिकाम्या जागेभोवती बांधली होती. तिथे दुसरे काही घातले की ते उपरे दिसते. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी इथे लपवीत नाही.

मी एकच अट घातली. आठव्या भागाच्या पहिल्या पानावर लिही की ही भाषा व्यंकटेश रेणुकादास हंडरगुळीकर यांनी मुदखेडला केली. शब्द आत्ता देते, या खुर्चीतून न उठता.

तो मिठाईच्या डब्याच्या दोरीशी खेळत बसला. मग म्हणाला, “आत्या, सात भाग गेले. आता बाबांचं नाव घातलं तर लोक म्हणतील, इतकी वर्षं चोरलं.”

मी म्हटले, “मग खरं बोलतील.”

तो चिडला. म्हणाला, शब्द गावभर वाटलास, माझ्या वेळीच बरी कंजूस झालीस. “माझ्या बारशाला तर तू नव्हतीसच. असतीस तर मला फुकट मिळाला असता.” त्याचे उत्तर शेवटच्या कलमात आहे. मिठाई मी शेजारच्या शीलाकडे दिली.

८. माझ्याकडून निघून सर्वेश गेला तो थेट अण्णारावकडे. अण्णाराव म्हणजे तेच १९६१चे बाळ, त्याच्या बारशाची गोष्ट सर्वेशने लहानपणी माझ्याकडूनच ऐकली होती. त्याची आता मोंढ्यात अडत आहे, सोयाबीन आणि तूर. मोठी गाडी दुकानापुढे उभी राहिली तेव्हा त्याला वाटले इन्कम टॅक्सवाले आले. सर्वेशने त्याला विचारले की तुमच्या कानात आत्याने काय सांगितले होते ते आठवते का. हातात फोन, बोललेले टिपायला. अण्णारावने मला हे सांगितले तेव्हा हसून हसून त्याला ठसका लागला होता. तो सर्वेशला म्हणाला, “आरं बाबा, मी बारा दिसांचा हुतो. मला आत्याचं तोंड ठावं न्हाई, शबूद कुठनं ठावं असंल?” तरी सर्वेशने त्याला डोळे मिटून शांत बसायला सांगितले. अण्णाराव बसला. तेवढ्या वेळात त्याच्या हमालांनी एक ट्रक चुकीच्या थप्पीला लावला.

माझा रेडिओ, पितळेचा बंब आणि दोन्ही पाट अण्णारावला द्यावेत. त्यातला एक पाट १९६१चा आहे.

९. या वर्षी माघात सर्वेशला दुसरे मूल झाले, मुलगा. थोरली मनस्विनी नऊ वर्षांची. तिच्या बारशाला मला बोलावलेच नव्हते. मालिकेतल्या एका नटीने तिच्या कानात नाव सांगितले आणि त्याचे फोटो सगळीकडे लागले. या वेळी मात्र गाडी पाठवून मला नेले. सर्वेशला बहीण नाही, तेव्हा आत्या मीच, असा त्याला एकाएकी साक्षात्कार झाला होता.

पुण्यात पोचल्यावर एका मुलाने माझ्या पदराला काळे बटणासारखे काहीतरी लावले. आवाज नीट यावा म्हणून, असे सर्वेश म्हणाला. आत्या, नेहमीसारखं सांग हां, सगळं, असेही म्हणाला. मी पाळण्याकडे निघाले तेव्हा मनस्विनीने माझा हात धरून खाली ओढला आणि हळूच म्हणाली, “आत्याआजी, ते बटण रेकॉर्डिंगचं आहे. बाबांनी सांगू नको म्हटलंय.”

तान्ह्या पोराच्या कानापाशी चोरीचे यंत्र लावणारा माणूस मी वाढवला, हे मला त्या क्षणी कळले. मी पाळण्यात वाकले, कुर्र केले, ठरलेले नाव सांगितले. दुसरे काही सांगितले नाही. मग पदराचे बटण तोंडाजवळ धरून स्पष्ट म्हणाले, “सर्वेश, बापाचं नाव घाल.” आजूबाजूच्या बायकांना वाटले ही गावाकडची रीत असेल. त्यांनी हसत हसत माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या.

ते ध्वनिमुद्रण त्याच्याकडे आहे. त्याने ते पुसले असेल तरी ऐकले नक्की आहे.

१०. आता स्थावर-जंगम. उदगीरचे माझे घर मी मनस्विनीला देत आहे. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत ॲड. विशाखा यांनी विश्वस्त म्हणून ते सांभाळावे. सर्वेशला ते विकता, गहाण टाकता किंवा त्यात स्वतःचे स्मारक करता येणार नाही. त्याला तिथे राहता येईल, मात्र त्याआधी दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी लावली पाहिजे: ‘व्यंकटेश रेणुकादास हंडरगुळीकर, इरलुंग्यांचा पहिला आणि खरा कर्ता’. अक्षरे रस्त्यावरून वाचता यावीत. पाटी मी करवून ठेवली आहे, जिन्याखाली आहे. खिळे आणि हातोडीही तिथेच आहे, म्हणजे सबब राहायला नको.

बँकेत जे असेल त्यातून मुदखेडला रेल्वेवाल्यांच्या मुलांसाठी व्यंकटच्या नावाने एक वाचनालय काढावे. ‘इर्लून’चे सातही भाग तिथे ठेवावेत, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर या मृत्युपत्राच्या तिसऱ्या कलमाची प्रत चिकटवावी.

माझ्या सोन्याच्या पाटल्या शीलाला. तिने माझी मिठाई खाल्ली आणि माझे मांजर सांभाळले.

अर्धा विणलेला टेबलक्लॉथ आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका तारामतीबाई यांना. त्यांनी तीन वर्षे माझा भूगोल काढून घेऊन मला शिवणकामाचे तास दिले होते. उरलेला अर्धा त्यांनी स्वतः विणावा. टाका अवघड आहे.

माझ्या शेवटच्या क्रियेत अण्णारावने पुढे व्हावे. सर्वेशने मागून चालावे आणि सावलीत उभे राहू नये. माझ्या मरणावर त्याने फोनवर, वर्तमानपत्रात किंवा व्यासपीठावर काहीही लिहू-बोलू नये. ‘माझी पहिली श्रोती गेली’ असे काही त्याच्या मनात घोळत असेल तर ते त्याने आताच सोडावे. श्रोता तो होता, आणि मी सांगत होते.

११. इरलुंग्यांचे खरे नाव. ते कुठेही लिहिलेले नाही. फडताळ, ट्रंक, पोथ्या, गादी उसवून पाहू नये. गादी नवी आहे. ते नाव मी मनस्विनीला दिले आहे. बारशाच्याच दिवशी, पाहुणे जेवत असताना, मी तिला आतल्या खोलीत नेले. पाळण्यात ती मावत नव्हती म्हणून मांडीवर आडवी घेतली. कुर्र केले आणि सांगितले. तिने उठून माझ्या पाठीत अशी बुक्की घातली की मला धाप लागली. सर्वेश दारात उभा राहून हे पाहत होता. त्याला आमचे ओठ दिसत नव्हते.

त्यानंतर त्याने तिला सायकलचे, फोनचे आणि परदेशाचे आमिष दाखवले आहे. पोरगी मला दर रविवारी फोन करून नवे आमिष कोणते ते सांगते. ती अजून बधलेली नाही. बापाचे नाव घालण्याची अट तिलाही ठाऊक आहे. परवा म्हणाली, “आत्याआजी, बाबांनी आजोबांचं नाव लिहिलं तर मग सांगू?” मी म्हटले, लिहिले तरी नाही. मुदत संपली.

मनस्विनी हा शब्द फक्त धाकट्या भावाच्या मुलाच्या कानात सांगील, पाळण्यात, कुर्र करून. सर्वेश, तोवर तू आजोबा झालेला असशील. पाळण्याजवळ उभा राहा. टाळ्या, गाणी, सनई चालू असेल. तुझी मुलगी वाकेल, तिचे ओठ दोनदा हलतील, आणि तुला एक अक्षर ऐकू येणार नाही. तुझ्या वाट्याला फक्त बुक्की घालणे येईल. ती हलकी घाल.

१२. हे मृत्युपत्र माझ्या गोडजेवणाच्या दिवशी, पाने वाढण्याआधी, ॲड. विशाखा यांनी मोठ्याने वाचावे. सर्वेशने समोर बसावे. तो आला नाही तर याच्या प्रती काढून त्याच्या वाचकांना वाटाव्यात. तो आला तर एकदा वाचून झाल्यावर प्रती काढून त्याच्या वाचकांना वाटाव्यात.

१३. शेवटचे कलम सर्वेशसाठी आहे.

तू म्हणालास, तुझ्या बारशाला मी नव्हते. बरोबर आहे. तुझे बारसे शिरूर अनंतपाळला, तुझ्या आजोळी झाले. माझी बस नळेगावच्या अलीकडे बंद पडली. मुहूर्त टळू नये म्हणून तिकडच्या मंडळींनी त्यांच्यातल्याच एका बाईला आत्या केले. फोटोत ती बाई आहे.

मी दिवेलागणीला पोचले. वहिनी दमून झोपल्या होत्या. व्यंकट दारातच उभा होता. म्हणाला, “त्यांचं झालं. आता आपलं करू.” त्याने तुला उचलून पुन्हा पाळण्यात घातले, दार लावून घेतले, आणि नियम तो नियम म्हणून दोन्ही कानांत बोटे घालून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ज्याने सगळी भाषा केली तो माणूस, शब्द तुला मिळावा आणि आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. मी वाकले आणि तुला सांगितले. तू जांभई दिलीस. मग व्यंकटने बोटे काढली आणि बायकांच्या वाटची बुक्की त्याने माझ्या पाठीत घातली.

तो गेला त्या वयाचा तू आज आहेस. ज्या माणसाच्या गावी कल्पना नव्हती असे तू सांगतोस, तो हा.

विशाखाला मी विचारले, हयातीत एखाद्याला दिलेली वस्तू मृत्युपत्राने परत घेता येते का? ती म्हणाली, नाही बाई, दिली ती त्याची झाली. मी दुसऱ्या वकिलालाही विचारून पाहिले. तोही तेच म्हणाला. माझा नाइलाज आहे.

म्हणून लिहून देते की तो शब्द तुझ्याकडेच आहे. अण्णारावला डोळे मिटायला लावलेस, तान्ह्याच्या पाळण्यापाशी यंत्र लावलेस, पोरीला फोन दाखवलास, आणि तो सगळा वेळ तुझ्याच कानात होता. कोणी तुझ्यापासून लपवलेला नाही. तुझ्या बापाने राखून ठेवलेली वस्तू तू हरवलीस. आता आठव.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातला एकही शब्द सौम्य करावासा वाटला नाही. सबब खाली सही करीत आहे.

ठिकाण: उदगीर, जिल्हा लातूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) इंदू रेणुकादास हंडरगुळीकर

साक्षीदार: इंदूबाईंनी आमच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून वरील सही केली, म्हणून आम्ही त्यांच्या समक्ष व एकमेकांसमक्ष सह्या करीत आहोत. दोघांनीही विचारून पाहिले. त्यांनी आम्हाला शब्द सांगितलेला नाही.

(सही) डॉ. शिवमूर्ती बसलिंगप्पा कोरे, उदगीर
(सही) ॲड. विशाखा किशन बिरादार, उदगीर